भाड्याची इमारत घेताना : पाहणीत निघालेले दोष कसे तोलावेत?



उसाचे बिल म्हणजे आपल्या घरात वर्षातून एकदोनदाच येणारा मोठा पैसा. सोसायटीचे कर्ज, दुकानदाराची उधारी, लग्नकार्य हे सगळे भागवून काही उरले, तर अलीकडे आपल्या भागातील बरीच मंडळी बाहेरगावी चार-सहा बिऱ्हाडांची एखादी जुनी इमारत घेण्याचा विचार करतात. तलवाड्याच्या माणसाला गेवराई, माजलगाव, बीड जवळ. कोणी छत्रपती संभाजीनगरपर्यंतही जातो. एका खोलीत आपली शिकणारी मुलं राहतील, बाकीच्या खोल्यांचे भाडे येत राहील, आणि एखादे वर्ष पावसाने दगा दिला तरी दरमहा चार पैसे हातात पडतील, असा त्यामागे हिशेब असतो. हिशेब वाईट नाही.

घोटाळा होतो तो पाहणीच्या वेळी. काही जण नवा रंग पाहून त्याच दिवशी इसार देऊन मोकळे होतात. काही जण शहाणपणाने इंजिनिअरकडून पाहणी करून घेतात, पण कागदावर वीस-पंचवीस दोष लिहिलेले पाहून घाबरतात आणि चांगली चाललेली इमारत सोडून देतात. दोघांचीही अडचण एकच. दोष मोजले जातात, तोलले जात नाहीत. उसाच्या पानावर ठिपके दिसले म्हणून आपण फड मोडत नाही. पण कांडे उभे चिरल्यावर आत लाल निघाले आणि आंबूस वास आला, तर ती लाल कूज आहे हे ओळखतो आणि तो ऊस बेण्याला ठेवत नाही. इमारतीतही पानावरचा ठिपका कोणता आणि कांड्यातली कूज कोणती, एवढे ओळखता आले पाहिजे. या लेखात तेवढेच पाहू.

१. पाहणी कोणाकडून करावी?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. बँक कर्ज देताना इमारतीचे मूल्यांकन करून घेते. ते मूल्यांकन म्हणजे मजबुतीची पाहणी नव्हे. बँकेला आपले कर्ज वसूल होण्याइतकी किंमत आहे का, हे पाहायचे असते; आणि त्या किमतीत जागेचाच वाटा मोठा असतो. विकणाऱ्याने आणलेल्या मिस्त्रीचे मतही कामाचे नाही. बांधकामाच्या मजबुतीचे शिक्षण घेतलेला, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर, आपण स्वतः पैसे देऊन न्यावा. सोबत एक वायरमन न्यावा. त्यांच्या फीला काचकूच करू नये. आपण बैल घेताना नुसते दात बघत नाही, त्याला चालवून बघतो, गाडीला जुंपून बघतो. इथे तर दहा-वीस बैलजोड्यांची रक्कम गुंतवायची असते.

इंजिनिअरला एकच गोष्ट आधी सांगून ठेवावी : "दोष लिहालच, पण प्रत्येक दोषापुढे तो वाढता आहे की थांबलेला आहे, आणि दुरुस्तीला अंदाजे किती लागेल, हे लिहा." या दोन रकान्यांशिवाय अहवाल अपुरा समजावा. काही प्रश्न डोळ्यांनी सुटत नाहीत. त्यासाठी काँक्रीटवर हातोडी-यंत्र लावून कठीणपणा पाहतात, ध्वनिलहरी सोडून आतील पोकळी तपासतात, गरज पडल्यास काँक्रीटचा गाभा काढून प्रयोगशाळेत दाबून बघतात. इंजिनिअर म्हणाला तर या चाचण्या जरूर कराव्यात.

२. दोषांची चार खाती

अहवाल हाती आला की वहीत चार खाती पाडावीत आणि प्रत्येक दोष त्यांपैकी एका खात्यात टाकावा.

पहिले खाते जिवाचे. खांब, तुळई, स्लॅब, जिना, सज्जा, पाया यांतील दोष. उघडी वायर, अर्थिंग नसणे. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळणे. यात तडजोड नाही.

दुसरे खाते वाढत्या दोषांचे. गच्चीची गळती, मोरीची ओल, सळईचा गंज, चालू असलेली भेग. आज थोडक्यात भागेल, पण दोन पावसाळे गेले की हेच दोष पहिल्या खात्यात जातात.

तिसरे खाते ठरावीक खर्चाचे. जुनी मोटार, फुटके पाइप, कुजलेला दरवाजा, भरलेली सेप्टिक टाकी. खर्च येतो, पण तो किती ते सांगता येते आणि एकदा केला की काही वर्षे प्रश्न मिटतो.

चौथे खाते वरवरचे. उडालेला रंग, गिलाव्याच्या केसासारख्या भेगा, तुटलेली शहाबादी फरशी. पंचवीस दोषांतले दहा-पंधरा बहुधा इथेच निघतात.

गंमत अशी की विकणारा चौथ्या खात्यावर खर्च करतो आणि घेणारा चौथ्या खात्यावरच घासाघीस करतो. पहिली दोन खाती तशीच राहतात आणि खरेदीखतानंतर आपल्या अंगावर येतात.

३. भेग कशी वाचावी?

आपल्या गोदाकाठच्या पट्ट्यात काळी माती खोल आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, हे शेतातल्या भेगाळलेल्या जमिनीवरून आपल्याला नव्याने सांगायला नको. हीच माती घराच्या पायाखालीही असते. पाया उथळ असेल तर जमिनीबरोबर तोही हलतो आणि भिंतीला तडा जातो. म्हणून आपल्याकडे भेग दिसली की ती कशाची, हे विचारलेच पाहिजे.

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा गिलावा वाळताना पडलेल्या असतात. त्यांची चिंता नको. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर चढणारी, एका टोकाला अरुंद व दुसऱ्या टोकाला रुंद झालेली भेग पाया खचल्याची खूण असू शकते. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेगही त्याच जातीची. खांबाच्या किंवा तुळईच्या लांबीबरोबर सरळ जाणारी भेग असेल तर आत सळई गंजली असण्याची शक्यता फार.

भेग जिवंत आहे की मेलेली, हे ओळखायची जुनी युक्ती सोपी आहे. भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. काच तडकली तर भेग चालू आहे. मात्र काळ्या मातीत एका महिन्याच्या काचेवर भरवसा ठेवू नये. जमल्यास एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसाळ्यात इमारत पाहावी. सौद्याची घाई करणाऱ्याला हे पटत नाही. पण पाऊस हा सर्वांत चोख तपासनीस आहे आणि तो फी घेत नाही.

जुन्या वाड्याचा सौदा असेल तर आणखी एक तपासणी हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिव भागात हजारो माणसे गेली. मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती आणि त्यांवर माळवदाचा जड भार, या बांधणीने तिथे फार घात केला. भिंत रुंद म्हणजे मजबूत, ही आपली समजूत त्या दिवशी खोटी ठरली. तेव्हा दगडी भिंतीत आतील व बाहेरील थर एकमेकांत सांधणारे लांब दगड आहेत का, भिंतीचे पोट फुगले आहे का, माळवदावर वर्षानुवर्षे माती चढवून ओझे वाढवले आहे का, हे पाहून घ्यावे.

४. पाणी आणि सळई

सिमेंटच्या इमारतीचा शत्रू पाणी. गच्चीतून किंवा मोरीतून पाणी झिरपत राहिले की ते सळईपर्यंत पोहोचते. लोखंड गंजले की फुगते, कारण गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. फुगलेली सळई आतून काँक्रीटला ढकलते, भेग पडते, मग पोपडे सुटतात आणि सळई उघडी पडते. उघड्या सळईवर नुसता गिलावा मारून रंग दिला तर वरून स्वच्छ दिसते आणि आत गंज चालूच राहतो. छताचा एखादाच चौकोन नव्याने गिलावलेला दिसला, तर तिथे लाकडी दांड्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर इंजिनिअरला दाखवावे.

सज्जा आणि बाहेर काढलेली गॅलरी यांकडे विशेष लक्ष द्यावे. त्यांना एकाच बाजूचा आधार असतो. आधाराची सळई वरच्या अंगाला असते आणि पाणीही वरच साचते.

इमारत नवी म्हणून निर्धास्त राहू नये. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. ती काही फार जुनी नव्हती. त्यानंतर महिन्याभरात, २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे, भिवंडीत भाडेकरूंनी भरलेली इमारत लोक झोपेत असताना पडली आणि सुमारे ४० माणसे गेली. आपली इमारत लहान असेल, पण छताखाली झोपणारी माणसे तशीच असतात. खरेदीखतावर सही केल्याबरोबर त्यांच्या छताची जबाबदारी आपली होते.

५. बिऱ्हाडे आणि कागद हीसुद्धा पाहणीच

इमारतीचे दोष भाडेकरूंना जेवढे ठाऊक असतात तेवढे कोणालाच नसतात. विकणाऱ्याच्या पाठीमागे नको, पण त्याच्या देखत तरी प्रत्येक बिऱ्हाडाशी बोलावे. पावसाळ्यात भांडे कुठे ठेवावे लागते, मोटार रोज किती वेळ चालते, दिवा कधी मंद होतो, टाकी वर्षातून किती वेळा उपसावी लागते, हे आयाबायांना विचारावे. दहा मिनिटांत बरेच कळते.

मग प्रत्येक खोलीचा तक्ता करावा : कधीपासून राहतात, भाडे किती, अनामत किती, करार आहे का, थकबाकी आहे का. अनामत रक्कम विकणाऱ्याने घेतलेली असली तरी पुढे ती भाडेकरू नव्या मालकाकडे मागतो. म्हणून ती किमतीतून वळती करून घ्यावी आणि खरेदीखतात तसे लिहावे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यापूर्वी मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा होता. हा अधिनियम जिथे लागू आहे तिथे जागा चांगल्या दुरुस्तीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरार लेखी आणि नोंदलेला असावा, ही जबाबदारीही मालकाचीच. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. भाडे देत राहणाऱ्या भाडेकरूला मनाला येईल तेव्हा काढता येत नाही. जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती होणार नसेल, तर त्यासाठी न्यायालयामार्फत जावे लागते आणि दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत येण्याचा हक्क असतो. म्हणजे "स्लॅब बदलावा लागेल" हा अहवालातला शेरा नुसत्या सिमेंटचा नाही, वरच्या दोन बिऱ्हाडांचाही आहे. त्यांची सोय आणि बुडणारे भाडे दोन्ही हिशेबात धरावीत.

कागदांमध्ये मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बांधकाम परवानगी व मंजूर नकाशा, कराची पावती, बोजा पाहण्यासाठी वकिलाचा सर्च रिपोर्ट हे पाहावे. नकाशात एक मजला आणि जागेवर दोन, असे निघाले तर तो नुसता कागदी दोष नाही. वरच्या मजल्याचा भार पायाच्या हिशेबात धरलेला नसेल, अशी शंका घ्यावी. गुंठेवारीची जागा असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ती नियमित झाल्याचा आदेश मागावा. "होऊन जाईल" यावर जाऊ नये. नगरपरिषदेने धोकादायक इमारतीची नोटीस दिली आहे का, याची स्वतः चौकशी करावी. विजेची थकबाकीही पाहावी, कारण मागची बाकी नव्या मालकाकडे मागितली जाऊ शकते.

६. टनेज नव्हे, उतारा पाहावा

आता पैशाकडे वळू. कारखान्यात नुसते टनेज पाहून भागत नाही, साखरेचा उतारा पाहावा लागतो. इमारतीचे येणारे भाडे हे टनेज आणि खर्च जाऊन उरते तो उतारा. एक उदाहरण धरून चालू. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

समजा सहा खोल्या आहेत, प्रत्येकी भाडे ३,००० रुपये. वर्षाचे २,१६,००० रुपये. मागितलेली किंमत ३६,००,००० रुपये. दलाल सांगतो, वर्षाला ६ टक्के सुटतात.

पण खोली कधी ना कधी रिकामी राहते. वर्षात सरासरी एका महिन्याचे भाडे बुडाले असे धरून १८,००० गेले. घरपट्टी-पाणीपट्टी १४,०००, जिन्याचा दिवा व मोटार १२,०००, नेहमीची डागडुजी ३०,०००, विमा ४,०००. एकूण ७८,००० रुपये वजा. उरले १,३८,०००. म्हणजे ६ टक्क्यांचे पावणेचारच्या थोडे वर आले.

आता पाहणीतील दोष घ्या. गंजलेल्या गॅलऱ्या व तुळया २,५०,०००, गच्चीची गळती १,२०,०००, वायरिंग ९०,०००, सेप्टिक टाकी ६०,०००. बेरीज ५,२०,०००. जुने बांधकाम उघडले की आत आणखी काही निघतेच, म्हणून पाचवा हिस्सा, म्हणजे १,०४,००० वाढवावे. वरची दोन बिऱ्हाडे तीन महिने हलवावी लागली तर भाडे बुडेल १८,०००. सगळे मिळून ६,४२,००० रुपये.

इमारतीची आपल्याला पडणारी खरी किंमत झाली ४२,४२,०००, आणि उतारा आला सव्वातीन टक्के. मुद्रांक व नोंदणीचा खर्च अजून बाहेरच आहे. पहिल्या पावणेचार टक्क्यांवर राहायचे असेल, तर ही इमारत २९,५८,००० च्या वर घेणे परवडत नाही. रंग आणि फरशीचा खर्च यात मुद्दाम धरलेला नाही. तो आपण सवडीने करू शकतो.

दुरुस्तीचे पैसे कर्ज काढून घालावे लागणार असतील तर व्याजही धरावे. आणि सगळी पुंजी खरेदीतच संपत असेल, तर तो सौदा कितीही स्वस्त असला तरी आपला नाही. खरेदीनंतर पहिल्या खात्यातील दुरुस्ती लगेच करण्याइतका पैसा हातात राहिलाच पाहिजे. पुढच्या हंगामाच्या बिलावर करू, असे म्हणून गंजलेली तुळई थांबत नाही.

७. बोलणी आणि माघार

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने मालमत्तेतील असे महत्त्वाचे दोष सांगितले पाहिजेत, जे त्याला माहीत आहेत आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाहीत. याचाच दुसरा अर्थ असा की साधारण काळजीने जे दिसले असते, त्याबद्दल नंतर ओरड करून उपयोग नाही. म्हणून पाहणी इसार देण्याआधी करावी. विकणारा थांबत नसेल, तर इसार पावतीत स्पष्ट लिहून घ्यावे की पाहणीत मजबुतीचा दोष निघाल्यास इसार परत मिळेल. इसार पावतीने मालकी येत नाही. मालकी येते ती नोंदलेल्या खरेदीखताने, हेही ध्यानात असू द्यावे.

बोलणीच्या वेळी अहवाल समोर ठेवावा आणि फक्त पहिल्या तीन खात्यांवर बोलावे. रंगाचा विषय काढूच नये. विकणारा म्हणाला, "मी दुरुस्त करून देतो," तर शक्यतो किंमत कमी करून घ्यावी आणि काम आपल्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली आपण करावे. जाणारा मालक गुत्तेदाराला स्वस्तात उरकायला सांगतो.

पुढील चार प्रसंगी मात्र किंमत कितीही उतरली तरी माघार घ्यावी. पाया खचत असून त्याचे कारण सापडत नसेल. खांबांच्या काँक्रीटमध्येच ताकद नसेल. वरचा मजला बिनपरवाना असून नियमित होण्याजोगा नसेल. किंवा विकणारा इंजिनिअरला एखादी खोली, गच्ची अथवा कागद पाहू देत नसेल.

८. सौद्याआधी स्वतःला विचारायचे प्रश्न

(१) अहवालातील कोणते दोष पहिल्या खात्यात गेले? ते मी किती दिवसांत दुरुस्त करू शकतो?
(२) कोणते दोष वाढते आहेत? इमारत मी पावसात पाहिली आहे का?
(३) दुरुस्तीसाठी कोणत्या बिऱ्हाडाला हलवावे लागेल? ते कुठे जाईल?
(४) दुरुस्ती धरून मला इमारत किती रुपयांना पडते, आणि उतारा किती बसतो?
(५) माझी स्वतःची मुलं त्या खोलीत झोपवायला मी तयार आहे का?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल, तर पहिल्या चारांची उत्तरे पाहायचीही गरज नाही. ते "होय" असेल आणि चौथ्याचा हिशेब जुळत असेल, तर अहवालात पंचवीस दोष असले तरी भिऊ नये. दोष नसलेली जुनी इमारत मिळत नाही. कोणता दोष किती रुपयांचा आणि किती दिवसांचा, हे कळल्यावर जो सौदा होतो तो डोळस सौदा. आपल्या घामाचा पैसा तसाच गुंतवला जावा.